टफनच्या नावाखाली साधी काच

बाबा गेल्यानंतर आईला घर खायला उठायचं. म्हणून मनीषनगरच्या आमच्या घरामागे तिच्यासाठी काचेची खोली काढायचं ठरवलं. जुन्या बंगल्यांना असते तशी. सागवानी चौकटी, वर तिरपं काचेचं छप्पर, आत तिची बंगई आणि मोगऱ्याच्या कुंड्या. ठेकेदार ओळखीतूनच आला. ३ लाख ४० हजारांत भिंतींना टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच, छपराला लॅमिनेटेड, लाकूड बल्लारशाचं सागवान. दुकानात त्याने दाखवलेल्या नमुन्याच्या कोपऱ्यात शिक्का होता. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला.

काचा यायच्या आधीच २ लाख ६० हजार देऊन बसलो. काही रोख, काही त्याच्या मेहुण्याच्या खात्यात. पक्कं बिल मागितलं की, "काम झालं की एकदमच देतो न दादा."

भिंतीची एक काच बोटभर मोठी निघाली. त्याच्या कारागिराने ती ओट्यावर आडवी टाकली, काच कापायची हिरकणी ओढली, कर्रकन आवाज आला आणि पट्टी सरळ सुटली. मी शेजारीच उभा होतो. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापताच येत नाही, तिचा बारीक चुरा होतो. माप, भोकं, सगळं आधीच करावं लागतं. हे ठाऊक असतं तर काम तिथंच थांबवलं असतं. तुमच्यासमोर कोणी 'टफन' कापत असेल तर ती टफन नाही.

मार्चमध्ये गारा पडल्या. लॅमिनेटेड काचेच्या दोन थरांमध्ये पापुद्रा असतो, तडकली तरी ती जागेवर राहते. आमचं छप्पर सुऱ्यांसारखं खाली आलं. बंगईच्या गादीत वीतभर लांबीचा तुकडा उभा रुतलेला. आई नुकतीच दिवा लावायला उठली होती.

चौकटीही नीट पाहिल्या. पॉलिशखाली पांढरं, हलकं लाकूड. ठेकेदाराचा फोन तेव्हापासून बंद.

बसवण्याआधी प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला आयएस २५५३ (सुरक्षा काचेचं भारतीय मानक) चा शिक्का स्वतः पाहा, नमुन्यावर जाऊ नका. पैसे बिलावरच्या नावालाच द्या. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मात्र तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. मी केली आहे. पण पहिला प्रश्न बिलाचाच आला, आणि माझ्याकडे फक्त सहीविना कोटेशन आहे.

बंगई हॉलमध्ये आणली. छपरावर अजून चार काचा आहेत, त्या उतरवायला रविवारी माणूस येतोय. तोवर मागच्या दाराला कुलूप आहे.