दुधातल्या अफ्लाटॉक्सिनची चाचणी-पट्टी: घेण्याआधी कटऑफ बघा

अफ्लाटॉक्सिन एम१ (बुरशी लागलेल्या खाद्यातून दुधात उतरणारं विष) शोधणारी पट्टी घेताना आधी कटऑफ, म्हणजे विषाच्या किती प्रमाणापासून पट्टी पॉझिटिव्ह दाखवते ते, बघावा, बाकी सगळं नंतर. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपीय संघाची ०.०५. म्हणजे थेट दहापट फरक. ०.५ ची पट्टी युरोपच्या मर्यादेसाठी वापरली, तर ०.३ चं दूध बिनबोभाट पास होतं. आणि त्यात पट्टीचा काही दोष नसतो.

निकाल वाचताना नवखा हमखास फसतो, कारण इथे सगळं गरोदरपणाच्या पट्टीच्या उलट आहे. विषाचा रेणू इतका लहान की त्याला दोन प्रतिपिंडं (ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिनं) एकदम धरू शकत नाहीत. दूध स्वच्छ असेल तर सोन्याच्या कणांवरची प्रतिपिंडं टेस्ट रेषेवर लावून ठेवलेल्या विषाला अडकतात आणि रेषा गडद उमटते. दुधात विष असेल तर ती त्यातच आधी गुंतलेली असतात, रेषा फिकट पडते. कंट्रोल रेषा (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) आलीच नाही, तर ती पट्टी बाद.

पद्धत सोपी आहे: कुपीत साधारण २०० मायक्रोलिटर दूध, सुकवलेला अभिकर्मक विरघळेपर्यंत पिपेटने वरखाली, ठरल्या तापमानाला ठरलेली मिनिटं, मग पट्टी बुडवायची. बिघडतं ते इथेच. फ्रीजमधलं दूध तसंच घातलं की रेषांचा गडदपणा बदलतो. वरची साय किंवा आंबलेल्या दुधाच्या गुठळ्या पिपेटमध्ये आल्या, तर पट्टीच्या पडद्याची छिद्रं बुजतात. पट्ट्यांचा गार डबा लगेच उघडला की पट्ट्यांवर दव धरतं; आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. उशिरा वाचलेली रेषा धरू नये. नव्या लॉटमागे एक स्वच्छ आणि एक विष मिसळलेलं दूध चालवून बघावं.

कटऑफच्या आसपास डोळ्यावर भरवसा नको, तिथे रेषेचा गडदपणा मोजणारा रीडर हवाच. फोनच्या कॅमेऱ्याची अॅप्स आकर्षक वाटतात, पण बाहेरचा प्रकाश अडवणारी पेटी नसेल तर आकडे हलतात.

नव्या संशोधनात ॲप्टामर (प्रतिपिंडाऐवजी विषाला धरणारा डीएनएचा तुकडा) आणि विद्युत-रासायनिक सेन्सर यांचा बोलबाला आहे. ॲप्टामर रसायनाने बनतो, त्यामुळे दर खेपेला तोच मिळतो. ही मोठी जमेची बाजू. मात्र त्याची घडी क्षारांवर अवलंबून असते आणि दुधात कॅल्शियम भरपूर. बफरमधली (दुधाऐवजी साध्या द्रावणातली) पिकोग्रॅमची संवेदनशीलता वाचून हुरळू नये. विष वरून मिसळलेलं दूध तपासलं की खाद्यातून मुळातच दूषित झालेलं, हे विचारावं.

एक गोष्ट मात्र पट्टीच्या बाजूची: धान्यात विष ठिकठिकाणी साचतं, त्यामुळे नमुन्यातच घोळ होतो. नीट ढवळलेल्या दुधात ती अडचण जवळपास नसते.

पॉझिटिव्ह आलं तर पाश्चरीकरणावर सोडून देता येत नाही, विष त्यात टिकतं. उरलेला नमुना अंधारात गोठवून ठेवावा आणि इम्युनो-ॲफिनिटी स्तंभातून (प्रतिपिंडांनी विष धरून ठेवणाऱ्या नळीतून) शुद्ध करून एचपीएलसीवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नेमक्या मोजणीच्या यंत्रावर, पडताळून घ्यावा.