पिंच रोलर: घासून वापरायचा की नवा बसवायचा?

मामेभावाच्या जुन्या कॅसेट रेकॉर्डरवर आजीच्या ओव्या थरथरत वाजतात, फीतही मधेच गुंडाळली जाते. फिरत्या धातूच्या दांडीवर, म्हणजे कॅप्स्टनवर, फीत दाबून पुढे नेणारा रबरी पिंच रोलर घासू की बदलू, असं तो विचारतो.

खर्च पाहिला तर घासणं जवळजवळ फुकट. साबणाच्या पाण्याने रबर पुसा, वाळवा आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने रोलर फिरवत चकाकी घालवा. स्पिरिट कॅप्स्टनला चालतं, रबराला शक्यतो नको. व्यास किंचित घटला तरी वेग बिघडत नाही, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर हा वेग कॅप्स्टन ठरवतो. पण घासताना उतार पडला, तर फीत एका बाजूला सरकते.

टिकण्यात नवाच सरस. आतपर्यंत कडक झालेलं रबर घासूनही पुन्हा निसटू लागतं. मेहनत मात्र शोधण्यात आहे: बाहेरचा व्यास, रुंदी आणि आसाचं भोक व्हर्नियरने मोजूनच मागवा.

नुसती चकाकी असेल आणि कधीतरीच ऐकायचं असेल, तर घासा. भेगा, खड्डा किंवा चिकटपणा असेल, तर बदला. ओव्यांची एकच प्रत आहे, म्हणून भावाला मी नवाच बसवायला सांगितलं. तोवर ती कॅसेट त्यात घालू नकोस, हेही बजावलं.