उपकारस्तुतीच्या सभेला मासवडीचं ताट मागवलं होतं, कसं होतं ते सांगते

आपल्या ख्रिस्ती लोकांकडे घरी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची सभा ठेवली की जेवणाला काय हे कोणी विचारतच नाही, बिर्याणीच असते, आणि शाकाहारी लोकांसाठी म्हणून कोपऱ्यात एक पनीरची भाजी, जी घ्यायला गेलेला माणूस परत येईपर्यंत पंगत अर्धी उठलेली असते. आमच्याकडे या वेळेला ते चालणार नव्हतं. बाबांच्या बाप्तिस्म्याला चाळीसेक वर्षं झाली त्याची सभा होती, म्हणजे आजारातून उठले किंवा नवीन घर घेतलं म्हणून नाही, तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळालं म्हणून आभार मानायचे होते, आणि बाबांची एकच अट होती की पारनेरहून दोघं भाऊ आले पाहिजेत. दोघेही माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकत नाही. त्यांना कोपऱ्यातल्या टेबलावर बसवायचं नव्हतं, सगळ्यांनी एकच जेवायचं.

म्हणून मासवडी. भोसरीकडे जुन्नर-आंबेगावची माणसं भरपूर आहेत, त्यांच्यातल्याच एक ताई घरून ऑर्डर घेतात, बोर्ड वगैरे काही नाही, ओळखीतून नंबर मिळतो. ताटात चार वड्या, रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा-लिंबू, ठेचा, इंद्रायणीचा भात, ताट 200 रुपयांच्या आत बसलं. गोड आपलं आपण.

ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, मासवडीत मासा नसतो, फक्त आकार तसा. (मुंबईहून आलेल्या मावसभावाने नाव ऐकून आधीच लिंबू पिळून ठेवलं होतं. नंतर तीच ताटली दोनदा भरून घेतली ती गोष्ट वेगळी.) फोडणीच्या उकळत्या पाण्यात डाळीचं पीठ सोडून गुठळी न होऊ देता घोटायचं, गरम असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, वर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, खसखस, परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर असं सारण पसरायचं, फडक्याच्याच आधाराने गुंडाळी करून दाबत दाबत माशासारखा आकार द्यायचा आणि मग वड्या कापायच्या. पीठ गार झालं की चिरतं आणि गरम असलं की हात भाजतात. तारण कृपेने, कर्माने नाही, हे बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रातलं दुसऱ्या अध्यायातलं वचन आम्हाला संडेस्कूलात पाठ करायला लावलेलं, पण मासवडी मात्र निव्वळ कर्म आहे बाबा, तिथे कृपेचं काही चालत नाही, हात बसलेलाच लागतो.

आणि ताईंचा हात बसलेला आहे. वडी मधून मोडून बघितली, बाहेरचं पीठ एकदम पातळ आणि सारण काठोकाठ, नाहीतर बऱ्याच ठिकाणी जाड पिठल्याची वळकटी आणि आत नावाला तीळ असतात, वर खोबरं महाग म्हणून दाण्याचा कूट ढकललेला. इथे कूट नव्हता, दाताखाली तीळ आणि खसखस वेगवेगळी लागत होती. रस्सा काळ्या मसाल्याचा, कांदा-खोबरं नीट काळपट होईपर्यंत भाजलेलं, तर्री वेगळ्या डब्यात दिली होती त्यामुळे पोरांचंही भागलं. वडी रस्स्यात आधीपासून टाकून ठेवू नका, मऊ पडते, ताटात आल्यावर कुस्करायची.

तात्यांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, पहिला घास खाऊन एवढंच म्हटलं, "कुणी केलीय? गावाकडची बाई हाय." त्यांच्याकडून यापेक्षा जास्त स्टार मिळत नाहीत.

आता तक्रारी. भाकऱ्या गरम गरम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पाठवल्या, त्यांना घाम सुटला आणि खालच्या पाच-सहा पार ओल्या झाल्या. फडक्यात बांधा एवढं सांगून ठेवायचं. दुसरं, अकराला येणारं जेवण साडेबाराला आलं. तसं फार बिघडलं नाही कारण आपली सभा, बाबांची साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं, लांबली, मग पाळकसाहेबांनी लूकच्या 17व्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांवर बोलायला घेतलं, दहाही बरे झाले आणि आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परकं मानायचे त्यांच्यातला. साहेब छान बोलले, पण नंतरची जेवणाची प्रार्थना जगातल्या सगळ्या देशांवरून फिरून आली तोवर रस्सा पुन्हा गरम करायला ठेवावा लागला. रिव्ह्यू लिहायला बसले ते खरं तर त्या शोमरोनी माणसामुळेच, जेवून हात धुवून गेलेल्या नऊ जणांत आपण नको.

गाण्याचं सांगायला हवं. नारायण वामन टिळकांचे अभंग म्हटले पेटी-तबल्यावर. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले पण तुकाराम काही त्यांनी सोडला नाही, उलट तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे. चाल तीच ओळखीची, त्यामुळे दुसऱ्या कडव्याला धाकट्या काकांनी पिशवीतून टाळ काढले. कोणी सांगितलं नव्हतं. बाबा गाता गाता थांबले आणि नुसते भावाच्या हाताकडे बघत राहिले, कारण बाप्तिस्मा घेतला तेव्हा याच भावाने काही वर्षं बोलणं टाकलं होतं.

चर्चच्या मंडळीतल्या एकाने जेवताना विचारलंच, सणाचं जेवण आणि मटण नाही? पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात 14व्या अध्यायात सरळ सांगितलंय की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, मी तेवढं म्हटलं आणि त्यांच्या ताटात अजून एक वडी टाकली. आणि माशाचंच म्हणत असाल तर ती खूण आपलीच आहे, रोमच्या भुयारी कबरींच्या भिंतींवर सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी मासे काढून ठेवलेत.

ज्यांना ऑर्डर द्यायची त्यांच्यासाठी, निदान दोन दिवस आधी सांगा, माणशी चारऐवजी पाच वड्या धरा, रस्सा जास्तीचा मागवा कारण भातावर सगळा तोच जातो. लसूण भरपूर असतो, एकादशीला कोणी कांदा-लसूण न खाणारं येणार असेल तर तारीख बघून सभा ठेवा. उपवासकाळातल्या, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या प्रार्थनासभांना तर हे ताट मस्तच आहे, मटण सोडलेल्यांना वेगळं काही करायला नको. ताई नाताळातही ऑर्डर घेतात म्हणे, पण नाताळाला आमच्या घरात मासवडीचं नाव काढायची माझी हिंमत नाही.