रॉथशिल्ड की रेव्हलस्टोक?

आमच्या वाचनकट्ट्यावर चाळीस मिनिटं बोलायचं होतं. विषय : व्हिक्टोरियाच्या काळातला, लॉर्ड झालेला एखादा पेढीवाला. माझ्यापुढे दोन नावं होती, नेथन रॉथशिल्ड आणि एडवर्ड बेअरिंग, म्हणजेच लॉर्ड रेव्हलस्टोक. दोघंही १८८५ सालीच बॅरन, म्हणजे लॉर्ड झाले. कुणी याच पेचात असेल तर माझा अनुभव सांगतो.

वरवर पाहता रॉथशिल्डच भारी. घराणं ज्यू. बाप १८४७ साली ब्रिटिश संसदेच्या खालच्या सभागृहात निवडून आला, पण शपथेतल्या ख्रिस्ती शब्दांपायी १८५८ पर्यंत सभागृहाबाहेरच राहिला. पुढे त्याला लॉर्ड करायलाही राणी राजी झाली नाही. आणि मुलगा मात्र डोक्यावर टोपी ठेवून, हिब्रू बायबलवर शपथ घेऊन लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात बसला. एवढ्यावरच पंधरा मिनिटं सहज निघतात. (सुएझ कालव्याचे शेअर घ्यायला ब्रिटिश सरकारला दिलेले ४० लाख पौंड मात्र त्याच्या नावावर टाकू नका. ते १८७५ सालचं, तेव्हा पेढी बापाची होती.)

पण हा माणूस हाती लागत नाही. आपला खासगी पत्रव्यवहार मागे ठेवू नका, असं तो सांगून गेला आणि १९१५ साली तो गेल्यावर बराचसा नष्टही झाला. मी टिपणं काढायला बसलो की दर दुसऱ्या ओळीत ‘असावं’, ‘बहुधा’. तिसऱ्या संध्याकाळी वही मिटली. कर्जखात्यात उमेद गेली माझी, फायलीत कागद नसला की पेनच उचलत नाही. दोष कदाचित माझाच असेल.

बेअरिंगांची दप्तरं शाबूत आहेत. आणि रेव्हलस्टोकचं बुडणं असं, की बँकवाल्याने दोनदा वाचावं! १८८६ मध्ये याच पेढीने गिनेस या बीअर कंपनीचे शेअर काढले, तेव्हा बिशप्सगेटच्या कचेरीवर झुंबड उडाली होती. दोनच वर्षांनी ब्युनोस आयरेसच्या पाणी-गटार योजनेचे रोखे आणले, ते कुणी घेईना. सगळे पेढीच्याच गळ्यात पडले. भागीदारी पेढी, म्हणजे देणं थेट घरादारावर. नोव्हेंबर १८९० मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर लिडरडेल याने जामिनकीची यादी उघडली, म्हणजे बेअरिंगांचं देणं फिटलं नाही तर कोण किती तोटा सोसणार त्याची. पहिले १० लाख पौंड बँकेचेच. रॉथशिल्डचे ५ लाख. बघता बघता आकडा १ कोटी ७० लाखांच्या घरात गेला. पेढी वाचली, रेव्हलस्टोकचं लंडनचं घर गेलं. म्हणजे हा निवडला तरी रॉथशिल्ड गोष्टीत येतोच, आणि तोही ऐन रंगात.

रेव्हलस्टोक जरा रुक्ष, हे कबूल. रॉथशिल्डच्या मुलाने गाडीला झेब्रे जुंपले होते, तसली गंमत इथे नाही. समोर मुलं असतील तर रॉथशिल्डच घ्या बापडे.

माझ्यासमोर निम्मे निवृत्त बँकवाले होते. जामिनकीच्या यादीपाशी आलो तेव्हा मागच्या रांगेतून एकाने विचारलं, “आणि तारण काय घेतलं?” त्यानंतर चहा अर्धा तास लांबला.