लाँगबरोचा उन्हाळा : पाचशे खुर्च्यांमधला वाग्नर

इंग्लंडमध्ये उन्हाळा आला की गावाकडच्या मोठ्या घरांच्या आवारात ऑपेराचे हंगाम सुरू होतात. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव ग्लाइंडबोर्न. ते 1934 पासून चालू आहे आणि आज तिथं हजाराच्या वर प्रेक्षक बसतात. मी लिहितेय ते मात्र कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या टेकड्यांच्या भागातल्या लाँगबरोबद्दल. तिथं खुर्च्या पाचशेच. 2024चा हंगाम मी तिथं पाहिला: आधी जर्मन संगीतकार वाग्नरची 'रिंग', म्हणजे एकाच कथेचे चार ऑपेरा, आणि शेवटी इटालियन संगीतकार पुच्चिनीचा 'ला बोएम'. त्याला आता बरेच महिने झाले. एवढ्या काळात काय मनात राहिलं आणि काय विरून गेलं ते कळलंय, म्हणून आता लिहायला बसले.

माझं मत आधीच सांगते. वाग्नर लहान नाट्यगृहात ऐकावा. त्याचे ऑपेरा अवाढव्य, वाद्यवृंद प्रचंड, म्हणून जागाही तशीच हवी असं सगळे धरून चालतात. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये दोन हजारांच्या वर प्रेक्षक मावतात. तिथं वरच्या बाल्कनीतून पाहिलं तर सुरांचा डोंगर दिसतो, माणूस दिसत नाही. लाँगबरोत माणूस दिसतो.

नाट्यगृहाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मार्टिन आणि लिझी ग्रॅहम या जोडप्यानं 1991मध्ये आपल्या घराच्या आवारात ऑपेराचे प्रयोग सुरू केले. पुढं शेतावरच्या, कोंबड्या पाळायच्या जुन्या शेडचं त्यांनी नाट्यगृह केलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रॉयल ऑपेरा हाउसचं नूतनीकरण झालं, तेव्हा तिथून निघालेल्या लाल खुर्च्या इथं आल्या. दर्शनी भिंतीवर वाग्नर, वेर्दी आणि मोझार्ट या संगीतकारांचे पुतळे आहेत आणि मधला मान वाग्नरचा. सरकारी अनुदान नाही. तिकिटं, सभासद आणि देणगीदार यांच्या जोरावर सगळं चालतं. असं असताना 2013मध्ये, वाग्नरच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा, या लोकांनी अख्खी 'रिंग' उभी केली. त्यानंतर 2019पासून एकेक ऑपेरा नव्यानं बसवत आणले आणि 2024मध्ये चारही सलग केले. मधलं 2021चं वर्ष कोविडचं, तरीही काम थांबवलं नाही. ही जिद्द मला फार मोठी वाटते.

इथं वाद्यवृंद बसतो तो खड्डा बराचसा रंगमंचाखाली जातो, जर्मनीतल्या बायरॉइटला वाग्नरनं स्वतःच्या नाट्यगृहात केला तसा. त्यामुळं पितळी वाद्यांचा आवाज अंगावर येत नाही, मिसळून वर येतो आणि गायकाला ओरडावं लागत नाही. अँथनी नेगस वाद्यवृंदाचं संचालन करत होते. रेजिनाल्ड गुडॉल या इंग्लंडमधल्या मोठ्या वाग्नर-संचालकाच्या हाताखाली त्यांनी काम केलेलं आहे. नेगस घाई करत नाहीत, रेंगाळतही नाहीत. गायकाचा शब्द संपला की वाद्यांना वाट मिळते, तोवर ती थांबून असतात. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीवर नाट्यपदं ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच ओळखू येते: साथ गायकाच्या मागून चालते आणि तरी त्याला पुढं नेते.

एक प्रसंग नीट सांगते, कारण माझ्यासाठी सगळा हंगाम तिथं आहे. 'रिंग'मधला दुसरा ऑपेरा 'डी वाल्क्यूर', त्याचा दुसरा अंक. देवांचा राजा वोटान बायकोशी वाद हरलाय. स्वतःच केलेल्या करारांत तो अडकलाय आणि स्वतःच्या मुलाला मरू द्यावं लागणार हे त्याला कळलंय. मुलगी ब्रुनहिल्ड जवळ बसते आणि तो तिला सगळं सांगायला लागतो. हे कथन खूप लांब आहे आणि सुरुवातीला जवळजवळ कुजबुजीत आहे. खाली फक्त खर्जातली तंतुवाद्यं. मोठ्या नाट्यगृहात या जागी लोक चुळबुळ करतात, घड्याळं बघतात. इथं वोटान झालेल्या पॉल कॅरी जोन्स यांनी ते खरोखर मुलीला सांगितलं, आम्हाला नाही. आवाज इतका आत घेतला होता की जर्मनमधली व्यंजनं वेगवेगळी ऐकू येत होती. ली बिसेट यांची ब्रुनहिल्ड त्या वेळात मध्येच एखादा प्रश्न विचारते, बाकी नुसती ऐकते. मी निम्मा वेळ तिच्याच चेहऱ्याकडं बघत होते. बापाबद्दलचा आदर, मग न समजणं, मग भीती, सगळं त्या एका चेहऱ्यावर. शेवटी वोटान म्हणतो की आता एकच हवंय: शेवट, शेवट. पहिला मोठ्यानं, दुसरा श्वासावर. या दुसऱ्या शब्दासाठी पाचशेच खुर्च्या हव्यात.

एमी लेन यांचं दिग्दर्शन होतं. मंच लहान, त्यामुळं डोंगर, नदी, आग यांसाठी मागं व्हिडिओ-चित्रं वापरली होती. 'राइनगोल्ड' या पहिल्या ऑपेराच्या सुरुवातीला, नदीच्या तळाशी, ती छान वाटली. पुढं पुढं मी त्यांच्याकडं बघणं सोडलं, गायकांचे चेहरे पुरेसे होते. तिसऱ्या 'सीगफ्रीड'मध्ये एड्रियन ड्वायर यांचा मीमे, म्हणजे नायकाला वाढवणारा बुटका लोहार, आणि ब्रॅडली डेली यांचा नायक सीगफ्रीड यांची जुगलबंदी रंगली. शेवटचं 'ग्योटरडेमरुंग' मात्र शरीराची परीक्षा घेतं. प्रस्तावना आणि पहिला अंक मिळून दोन तासांच्या आसपास सलग बसावं लागतं. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी कडेची खुर्ची घ्यावी.

'ला बोएम'बद्दल थोडक्यात. चार रात्री देवांच्या संगतीत काढल्यावर पॅरिसच्या माळ्यावरची थंडी, विझलेली मेणबत्ती आणि अंधारात एकमेकांना सापडलेले दोन हात पाहून बरं वाटलं. प्रयोग चांगला होता, पण आता मागे वळून पाहताना आठवतो तो वोटानच.

आता जेवणाची लांब सुटी. मधलं मध्यंतर दीड तासाच्या घरात असतं. लोक हिरवळीवर घड्या घातलेली टेबलं उघडतात, पांढरी चादर टाकतात, शॅम्पेन निघते. सूट-बो घालणारे बरेच, पण सक्ती कुणावर नाही. मी सिल्कची साडी नेसत असे आणि त्यावर जाड शाल. जुलैतसुद्धा संध्याकाळी टेकडीवर वारा झोंबतो. हिरवळीवर टाचांच्या चपला रुततात, सपाट घाला. डब्यात सुरळीच्या वड्या, बटाट्याची भाजी गुंडाळलेल्या पोळ्या आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. ही सुटी म्हणजे श्रीमंती मिरवायची सोय असं बाहेरून वाटू शकतं. मला ती ऐकण्याचाच भाग वाटते. दीड तास संगीत आत शिरलेलं असतं, त्याला मुरायला वेळ लागतो. समोर ईव्हनलोडचं खोरं, मेंढ्या, ढग; कोणी फोन बघत नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा कितीतरी वर्षं 'रिंग' ऐकत आलेले. त्यांच्याशी गप्पा मारत मी जेवढं शिकले तेवढं पुस्तकातून शिकले नसते. पूर्वी आपल्याकडं संगीत नाटकं रात्रभर चालत आणि मध्यंतरात पदांची चर्चा होई, ते मला आजीकडून ऐकून माहीत. बायरॉइटला पहिली 'रिंग' झाली 1876मध्ये, पुण्यात 'संगीत शाकुंतल' 1880मध्ये रंगमंचावर आलं. एकमेकांची खबर नसलेले दोन समाज त्याच काळात गाण्यातून नाटक सांगायच्या मागे लागले होते, या योगायोगानं मला तिथं बसून फार आनंद झाला.

जाण्यायेण्याचं नीट ठरवा. लंडनच्या पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डमार्गे मॉर्टन-इन-मार्शला थेट गाडी मिळते. तिथून लाँगबरो काही मैलांवर, पण चालत जाण्यासारखा रस्ता नाही. टॅक्सी आगाऊ ठरवा आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. एका टॅक्सीवाल्यानं आयत्या वेळी नाही म्हटल्यानं एकदा आम्हाला अनोळखी जोडप्याच्या गाडीतून जावं लागलं. त्यांनी आनंदानं नेलं, पण दरवेळी कोणी भेटेलच असं नाही. लांबच्या ऑपेरांनंतर शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, मॉर्टनला मुक्काम करा.

मुक्काम केलात तर सेझिनकोट हे जुनं मोठं घर बघा, अगदी शेजारी आहे. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावलेल्या चार्ल्स कॉकरेलचं हे घर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या भावानं बांधलं. इंग्लिश शेतांमध्ये मुघल घुमट, बागेत सूर्यमंदिर आणि पुलाच्या कठड्यावर नंदी. बघताना मन एकसारखं राहत नाही: कारागिरी सुंदर, पण तो पैसा कुठून आला हे आपल्याला ठाऊक असतं. आदल्या रात्री सोन्याच्या हव्यासानं देवांचं घर कसं जळतं ते ऐकलेलं असेल तर त्या घुमटाकडं आणखी वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

तिकिटं स्वस्त नाहीत. सभासदांना आधी बुकिंग मिळतं आणि उरलेली लवकर संपतात. एका कुटुंबाला हा खर्च दरवर्षी झेपणारा नाही, आणि मला तो खटकतो, कारण हे ऐकायला हवेत असे कितीतरी लोक त्यामुळं बाहेर राहतात. आम्ही त्या वर्षी भारतात जाणं पुढं ढकललं आणि तो पैसा इकडं वळवला. माझ्या नवऱ्याला ऑपेराची आवड नव्हती, तो 'राइनगोल्ड'ला माझ्यासाठी आला. बाकीच्या तिन्ही रात्री तो स्वतःहून आला.

पहिल्यांदाच जाणार असाल तर कथा आधी मराठीत किंवा इंग्रजीत वाचून जा. मंचावर इंग्रजी भाषांतराच्या ओळी दिसतात, पण कथा माहीत असली की डोळे तिथं अडकत नाहीत. 'रिंग'मधलं एकच बघायचं असेल तर 'डी वाल्क्यूर' बघा. आणि खुर्ची निवडायची संधी मिळाली तर शक्य तितकी पुढची घ्या.