एटोशा की डमारालँड? नामिबियात दिवस मोजकेच असतील तर

नामिबियाचं नक्की झालंय, हातात आठ-नऊ दिवस आहेत आणि जास्त रात्री एटोशा राष्ट्रीय उद्यानाला द्यायच्या की वायव्येकडच्या डमारालँड या कोरड्या, डोंगराळ भागाला, यावर घरात खल चाललाय, असं धरून लिहितो. आमच्या घरीही तो चालला होता. शेवटी एटोशात चार रात्री राहिलो आणि डमारालँडमध्ये तीन.

प्राणी हमखास दिसायला हवे असतील, तर एटोशाच. जुलै ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत पाणवठ्याजवळ गाडी लावून नुसतं बसायचं, आपोआप कळप येत राहतात. ओकौक्वेयोच्या कॅम्पमध्ये तर पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. दगडी कठड्यामागे बसून आम्ही तिथे काळे गेंडे अगदी निवांत पाहिले. बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील असतील, तर मी दुसरा विचारही करणार नाही.

माझं मन अडलं ते गेटपाशी. सूर्यास्ताला कॅम्पचं गेट बंद होतं. तिसऱ्या संध्याकाळी ओलिफान्ट्सबादच्या पाणवठ्यावर हत्ती आले. तिथली माती चुनखडीची, त्यामुळे सगळा कळप पांढुरका दिसत होता. उन्हं कलली होती, एक पिल्लू आईच्या पायांमधून वाट काढत पाण्याकडे निघालं होतं, आणि तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, निघायला हवं." उद्यानात ताशी 60 ची मर्यादा, त्यामुळे उशिरा निघून वेळ भरून काढायचीही सोय नाही. चारही संध्याकाळी हेच झालं. नियम योग्यच आहे, अंधारात प्राण्यांच्या वाटेत गाड्या नकोतच. पण दिवसासुद्धा कुंपण घातलेल्या मोजक्या जागा सोडल्या तर खाली उतरता येत नाही. चार दिवस सगळं काचेतूनच पाहिलं आणि कॅम्पच्या काउंटरपलीकडे तिथल्या माणसांशी बोलणं असं झालंच नाही. पिढ्यान्‌पिढ्या याच पाणवठ्यांच्या आधाराने राहिलेल्या हाइऑम सान लोकांना 1954 मध्ये इथून बाहेर काढलं, हे वाचून गेलो होतो. त्यामुळे ते फार जाणवत राहिलं. ताडोबातून उठलेल्या गावांबद्दल ज्यांनी ऐकलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

डमारालँडमध्ये माणसं, शेळ्या आणि हत्ती एकाच जमिनीवर राहतात. 1996 च्या कायद्याने सामुदायिक जमिनीवरच्या रहिवाशांना एकत्र येऊन कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यजीव राखणारी स्वतःची संस्था, स्थापता येऊ लागली आणि वन्यजीवांवर, पर्यटनावर त्यांना हक्क मिळाला. 1998 मध्ये पहिल्या चार नोंदल्या गेल्या. डमारालँडमधली टोरा त्यांतलीच. आता 86 आहेत आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा जमीन त्यांच्याकडे आहे. याची मुळं 1980 च्या दशकातली. शिकारचोरी आणि दुष्काळाने गेंडे-हत्ती संपत आले होते, तेव्हा निसर्गसंवर्धक गार्थ ओवेन-स्मिथ यांनी तिथल्या मुखियांना बरोबर घेऊन गावातल्याच माणसांना राखणदार केलं.

आमचा गाइडही तिथल्याच गावचा. पहाटे त्याच्याबरोबर पायी निघालो. एका युफोर्बियाच्या झुडपापाशी तो उकिडवा बसला आणि त्याने तुटलेल्या फांदीचं टोक दाखवलं. कात्रीने तिरका छेद द्यावा तसं ते कापलेलं होतं. "हे गेंड्याचं." पांढरा चीक अजून ओला होता. तो माणसाला विषारी, पण काळा गेंडा ते झुडूप खुशाल खातो. पुढे दीड तास दगडगोट्यांतून, वाऱ्याची दिशा बघत चाललो. गेंडा दिसला तो लांबून, दुर्बिणीतून, जेमतेम पाच मिनिटं. तरी आज डोळे मिटल्यावर समोर येतो तो हाच.

परतताना गाइड घरचं बोलला. हत्ती पाण्याच्या वासाने त्याच्या मावशीकडे येतात, पाइप उपटतात, भाजीचा वाफा तुडवतात. आता टाकीभोवती दगडी भिंत बांधलीय. "हत्ती आहेत म्हणून मला नोकरी आहे," तो म्हणाला, "पण वाफा मावशीचा जातो."

डमारालँडची दुसरी बाजूही सांगतो. चांगले लॉज महाग आहेत. खडीच्या रस्त्यांवर दोन स्टेपन्या हव्यातच, आमची एक लागलीच. दिवसभर फिरून फक्त चार जेम्सबॉक (लांब शिंगांची मोठी हरणं) दिसले, असंही होऊ शकतं. शिवाय बऱ्याच कॉन्झर्व्हन्सींचं काही उत्पन्न परवाना देऊन होणाऱ्या शिकारीतून येतं. मला ते जड गेलं, अजूनही जातं. ज्यांना ते अजिबात पटणार नाही, त्यांनी जाण्याआधीच त्याचा विचार केलेला बरा.

आवड ज्याची त्याची, पण मला पुन्हा आठच दिवस मिळाले, तर एटोशात दोनच रात्री राहीन, त्या दोन्ही ओकौक्वेयोला, आणि डमारालँडला चार. तिथलं बुकिंग करताना लॉजचा कॉन्झर्व्हन्सीशी करार आहे का आणि गाइड तिथल्याच गावांतले आहेत का, हे आधी विचारून घ्या.