जुनी एअर रायफल घेताय? आधी सिलिंडरवरची तारीख वाचा

अमळनेरकडच्या एका घरी मुलीसाठी १० मीटरवरच्या नेमबाजी स्पर्धेची, सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारी जुनी मॅच रायफल ९५,००० रुपयांना आली. नवी घ्यायची तर दोन लाखांच्या पुढे जातं, म्हणून सौदा पटला. फोटो झकास, ‘दोनच वर्षं वापरलीय’ अशी ग्वाही, आणि सगळे पैसे आधीच यूपीआयने. पेटी हातात पडली त्याच दिवसापासून विकणाऱ्याचा फोन बंद.

सिलिंडरवर कुठल्याशा स्पर्धेचं गोल स्टिकर होतं. ते नखाने सोललं तर खाली बनवल्याचं साल निघालं: २००९. या सिलिंडरची मुदत साधारण १० वर्षांची. आत २०० बार इतक्या दाबाची हवा कोंबलेली, तीही नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर. स्पर्धेत मुदतीची जबाबदारी खेळाडूवरच असते. म्हणजे नवं सिलिंडर घेणं आलंच, आणि स्वस्ताईतला मोठा घास तिथेच गेला.

त्याहून वाईट म्हणजे विकणाऱ्याचा सल्ला: ‘हवा वेल्डिंगवाल्याकडून भरून घ्या.’ एरवी ही हवा पाणबुड्यांच्या डायव्हिंगच्या टाकीतून भरतात; आपल्याकडे जळगाव-धुळ्याला ती कुठे मिळणार, म्हणून हे कुणालाही पटेल. पण वेल्डिंगच्या टाकीत ऑक्सिजन असतो. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेला-ग्रीसचा थेंब लागला की स्फोट होतो. भरायची ती कोरडी, गाळलेली हवा. नाहीतर ओलावा धरणारी फिल्टर असलेला हातपंप. भरलेलं सिलिंडर मे महिन्यात गाडीत ठेवू नका. २५ अंशांना २०० बार भरलं तर ६० अंशांना सव्वादोनशेच्या आसपास जातं.

रायफल समोर असेल तर सिलिंडरच्या दाबमापकावर १५० बारला काट्याची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा. काटा उतरला तर ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, गळतेय. ते काम किरकोळ. प्रत्येक छर्ऱ्यामागे सारखाच दाब सोडणारा रेग्युलेटर गेलेला असेल तर मात्र पंचाईत. रायफल अर्धा तास तशीच ठेवून पहिला छर्रा मारा, मग लगोलग नऊ. वेग मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच: चांगली रायफल सेकंदाला १७० मीटरच्या आसपास राहते, आणि बिघडलेलीचा पहिला छर्रा बाकीच्यांपेक्षा जोरात जातो. पाठोपाठ रायफल शिकंज्यात घट्ट बांधून दहा छर्रे मारा. कागदावर एका छऱ्यापेक्षा जेमतेम मोठं असं एकच भोक दिसायला हवं. नळीवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतोय का, तेही बघा. या रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही, त्यामुळे कागद मागायचं कुणाला सुचत नाही, आणि भामट्यांचं नेमकं तिथेच फावतं.

सोबत ‘भेट’ म्हणून आलेले मॅच छर्ऱ्यांचे दोन डबेही बनावटच निघाले. नामी कंपनीच्या ५०० च्या डब्यात साधे छर्रे भरलेले. डोक्याच्या मापाचं लेबल अर्धवट फाटलेलं, तळाशी शिशाची भुकटी, काहींचे घेर दबलेले. हे ओळखायला सराफाचा काटा पुरतो. मॅच छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, म्हणजे वीस छर्रे १०.६ ग्रॅमच्या जवळपास. पण बेरजेवर विसंबू नका, एकेक तोला. या डब्यातला एक ०.४९ ग्रॅम भरला, तर शेजारचाच ०.५६.

पैसे गेलेच असतील तर लाज बाजूला ठेवून लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅट जपून ठेवा. सिलिंडरवरचं स्टिकर सोलण्याआधी त्याचाही फोटो काढा.